मुरगळणे, लचकणे, निखळणे : अस्थिस्नायुसंस्थेच्या दुखापती आणि मराठी शब्द

दुखापत झालेला माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा सोबत प्रथम एक वाक्य घेऊन जातो. क्ष-किरणचित्र नंतर येते. ‘पाय मुरगळला’, ‘कंबरेत लचक भरली’, ‘शीर आखडली’, ‘खांदा निखळला’ ही ती वाक्ये होत. उपचाराची दिशा पुष्कळदा या पहिल्या वाक्यावरूनच ठरते. ते वाक्य शरीरात घडलेल्या गोष्टीचे किती अंशी वर्णन करते आणि किती अंशी तिला झाकून टाकते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय मूलतः शारीरशास्त्राचा आहे व लेखकाचा अभ्यास भाषाशास्त्राचा. तथापि हाडे, सांधे व स्नायू यांची रचना आणि कार्ये समजून घेतल्यावाचून त्यांच्यासंबंधीच्या शब्दांचा विचार करता येत नाही. म्हणून आरंभी रचना, नंतर शब्द व शेवटी त्या दोहोंतील अंतरामुळे होणारे नुकसान, असा क्रम येथे स्वीकारला आहे.

१. सांगाडा व त्याची कार्ये

प्रौढ मनुष्याच्या सांगाड्यात सामान्यतः २०६ हाडे असतात. नवजात बालकात हाडांच्या सुट्या तुकड्यांची संख्या याहून बरीच अधिक असते. वाढीबरोबर त्यांपैकी काही एकमेकांस जुळतात. कंबरेच्या तळाशी असलेले त्रिकास्थी हे पाच मणके जुळून झालेले एकच हाड, हे याचे परिचित उदाहरण. प्रत्येक हाताच्या मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत २७ आणि प्रत्येक पावलात २६ हाडे असतात. दोन्ही हात व दोन्ही पावले मिळून ही संख्या १०६ होते. म्हणजे सांगाड्यातील निम्म्याहून अधिक हाडे ही पकडण्याच्या आणि चालण्याच्या टोकांशी एकवटलेली आहेत. दुखापतीही तेथेच अधिक व्हाव्यात, यात नवल नाही.

प्राचीन ग्रंथांत हीच गणना वेगळी येते. चरकसंहितेत अस्थींची संख्या ३६० सांगितली आहे, तर सुश्रुतसंहितेत शल्यतंत्राच्या मते ती ३०० आहे. रूडॉल्फ हर्न्ले यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या गणनांची बारकाईने छाननी केली आहे. चरकाच्या गणनेत दात, दातांच्या खोबणी व नखे यांचाही समावेश आहे. सुश्रुताने नखे वगळली, पण दात ठेवले; शिवाय ‘तरुण’ या नावाने आज आपण ज्यांना कूर्चा म्हणतो त्या मऊ भागांनाही अस्थींच्या पाच प्रकारांत स्थान दिले. यावरून दिसते की संख्येतील हा फरक जितका निरीक्षणाचा आहे, तितकाच ‘अस्थी’ या शब्दाच्या व्याप्तीचाही आहे. शब्द किती जागा व्यापतो यावर मोजणी अवलंबून असते. हा मुद्दा पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

हाडांची कार्ये पाच सांगता येतील. ती शरीरास आधार देतात. मेंदू, हृदय, फुप्फुसे अशा नाजूक अवयवांभोवती संरक्षक पेटी तयार करतात. स्नायूंच्या ओढीने फिरणाऱ्या तरफा म्हणून काम करतात. त्यांच्यातील तांबड्या मज्जेत रक्तपेशी निर्माण होतात. आणि शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम त्यांच्यात साठविलेले असते. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. ते सतत थोडे खरवडले जात असते व थोडे नव्याने रचले जात असते. म्हणूनच मोडलेले हाड हाडानेच सांधते. प्लॅस्टर हाड जोडीत नाही. जोडण्याचे काम हाडाचे हाड करीत असता दोन्ही टोके जागेवर व स्थिर ठेवणे, एवढेच प्लॅस्टरचे कार्य होय. या स्थैर्यात व्यत्यय आला तर काय होते, हे पुढे सांगावयाचे आहे.

२. सांधे व त्यांचे बंध

सांध्यांच्या बाबतीत प्राचीन नावे आजही बोलकी वाटतात. सुश्रुताने २१० संधी सांगून त्यांचे आठ प्रकार केले. त्यांतील ‘उलूखल’ म्हणजे आपले उखळ. खांदा व खुबा हे सांधे या वर्गातले असून आधुनिक शारीरशास्त्रही त्यांना उखळीचे सांधेच म्हणते. कवटीच्या हाडांमधील नागमोडी जोड ‘तुन्नसेवनी’, म्हणजे शिवणीसारखे. या नावांत तांत्रिक क्लिष्टता नाही. स्वयंपाकघर व शिवणकाम यांतून ती उचललेली आहेत.

दोन्ही सांधे उखळीचे असले तरी त्यांच्यात मोठा भेद आहे. खुब्याचे उखळ खोल, म्हणून सांधा बळकट, पण त्याची हालचाल मर्यादित. खांद्याचे उखळ उथळ, म्हणून हात जवळजवळ सर्व दिशांना फिरतो. परंतु शरीरातील मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत अधिक वेळा निखळतो तोही खांदाच, आणि तो बहुधा पुढच्या बाजूस निखळतो. सांध्याला जितके स्वातंत्र्य अधिक, तितकी त्याची सुरक्षितता कमी, हा नियम सर्वत्र लागू पडतो.

सांध्यात हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढविलेली असतात व त्यांच्यामध्ये वंगणासारखा द्रव असतो. एका हाडास दुसऱ्या हाडाशी जखडून ठेवणारे चिवट पट्टे म्हणजे अस्थिबंध. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात व अस्थिबंधांचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. त्यामुळे कूर्चा सहसा पूर्ववत होत नाही, आणि ‘हाड मोडले नाही ना, मग झाले’ असे म्हणून सोडून दिलेला फाटका अस्थिबंध कधी कधी मोडलेल्या हाडापेक्षाही अधिक काळ त्रास देतो. सुश्रुताने बंधांचे महत्त्व एका दृष्टान्ताने सांगितले आहे: फळ्या पुष्कळ बंधांनी बांधलेली नाव जशी पाण्यावर माणसांचा भार वाहते, तसे संधी स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार सहन करतो. हाडे, पेशी, सिरा किंवा संधी यांच्या इजेपेक्षा स्नायूची इजा अधिक घातक असेही तो म्हणतो.

आजच्या मराठी वाचकास येथे थबकावे लागते. फळ्या बांधणारे ‘स्नायू’ म्हणजे काय? आपण ज्यांना स्नायू म्हणतो, ते तर हाडांना हलवितात, बांधीत नाहीत.

३. ‘स्नायू’ या शब्दाचे स्थलांतर

सुश्रुताच्या परिभाषेत ‘स्नायू’ म्हणजे बंध: आजचे अस्थिबंध आणि कंडरा या दोहोंस सामावून घेणारा शब्द. वर्तुळाकार स्नायूंना कंडरा म्हणावे, असे त्याने स्पष्टच सांगितले आहे. मांसल स्नायूंसाठी त्याचा शब्द ‘पेशी’ असून त्यांची संख्या त्याने ५०० दिली आहे. मराठीत हे दोन्ही शब्द आपली जागा सोडून गेले. ‘स्नायू’ मांसल भागाकडे आला, आणि ‘पेशी’ जीवशास्त्रात सजीवाच्या सूक्ष्मतम घटकासाठी रूढ झाला. हिंदीत मात्र ‘पेशी’ व ‘मांसपेशी’ यांचा अर्थ स्नायू असाच राहिला, आणि सूक्ष्म घटकासाठी ‘कोशिका’ हा शब्द घेतला गेला. हिंदीच्या शास्त्रीय परिभाषेत ‘स्नायु’ अस्थिबंधाकडे गेला, तर सामान्य हिंदी लेखनात तो मज्जातंतूसाठीही येतो. बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतूच. गुजरातीत तो मराठीप्रमाणे मांसल स्नायू. एकाच संस्कृत शब्दाने चार भाषांत तीन निरनिराळ्या ऊतींवर ठाण मांडले आहे.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. ज्या मूळ इंडो-युरोपीय धातुकुलातून संस्कृत ‘स्नावन्’, ‘स्नायु’ आले, त्यातूनच ग्रीक ‘न्यूरॉन’ व लॅटिन ‘नेर्वुस’ हे शब्द आले. त्यांचाही जुना अर्थ दोर, तात, बंध असाच होता. पुढे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील हेरोफिलस आदींच्या विच्छेदनांमुळे मज्जातंतू हे कंडरांपासून निराळे ओळखले गेले, आणि शब्द मात्र त्यांच्याकडे गेला. बंगाली ‘स्नायु’ व ग्रीक ‘न्यूरॉन’ यांनी एकमेकांशी काही संबंध नसता एकच वाट धरली, याचे कारण उघड आहे. उघड्या डोळ्यांना व बोटांना कंडरा, अस्थिबंध व मज्जातंतू हे तिन्ही पांढरट दोरच दिसतात.

आपल्या लोकभाषेतील ‘शीर’ या शब्दाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याला अडाणी म्हणण्याचा मोह होत नाही. ‘हाताच्या शिरा फुगल्या’ येथे ती नीला. ‘मानेची शीर आखडली’ येथे स्नायू अथवा कंडरा. ‘कमरेत शीर दबली’ येथे मज्जातंतू. त्वचेखाली दोरीसारखे जे जे हातास लागते वा दोरीसारखे ताणले गेल्याची भावना देते, ते सर्व शीर. द्विशिर, त्रिशिर या स्नायुनामांतील ‘शिर’ मात्र निराळे. तेथे मस्तकवाचक ‘शिरस्’ आहे, कारण त्या स्नायूंचा उगम अनुक्रमे दोन व तीन ठिकाणी होतो.

स्नायूंच्या कार्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे: स्नायू फक्त ओढतो, ढकलीत कधीच नाही. म्हणून ते जोडीने काम करतात. दंडाच्या पुढील द्विशिर स्नायू कोपर दुमडतो, मागील त्रिशिर ते उलगडतो. स्नायूतील सूक्ष्म तंतू स्वतः आखूड न होता एकमेकांवरून सरकतात आणि त्यामुळे स्नायू आखडतो, हा सिद्धान्त १९५४ मध्ये दोन निरनिराळ्या संशोधक गटांनी एकाच वेळी मांडला. शरीरात असे ६०० हून अधिक ऐच्छिक स्नायू आहेत. दुमडलेल्या दंडावर उठून येणाऱ्या फुगवट्यास मराठी मुले ‘बेडकुळी’ म्हणतात, हिंदीत त्यास ‘मछली’ म्हणतात, आणि स्नायूसाठी युरोपभर पसरलेल्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘लहान उंदीर’ असा आहे. कातडीखाली काही जिवंत हलते आहे, ही प्रतीती सर्वांना सारखीच आली.

या बेडकुळीवर किती ताण पडतो याचा अंदाज सहसा नसतो. द्विशिर स्नायूची कंडरा कोपराच्या सांध्यापासून अवघ्या चार-पाच सेंटिमीटरांवर हाडास जोडलेली असते; तळहातावरील वजन त्याच सांध्यापासून सुमारे ३५ सेंटिमीटर दूर असते. म्हणजे तळहातावर ५ किलोची पिशवी धरली असता स्नायूस सात-आठपट, म्हणजे ३५ ते ४० किलोंच्या बरोबरीची ओढ द्यावी लागते. वजन उचलताना ‘नुसता हिसका बसला’ आणि स्नायू फाटला, असे का घडते, याचा उलगडा या गणिताने होतो.

४. दुखापतींची क्रियापदे

आता मराठी बोलणारा मनुष्य या दुखापती कशा सांगतो ते पाहू. प्रथम लक्षात येते ते असे, की तो नामाने बोलत नाही. क्रियापदाने बोलतो, आणि त्या क्रियापदात बहुधा इजेची यांत्रिक रीत साठविलेली असते. ‘मुरगळणे’ म्हणजे पिळल्यासारखे वळणे. घोट्याच्या सर्वसामान्य दुखापतीत पाऊल आतल्या बाजूस वळते व घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात अथवा फाटतात. ‘मुरगळला’ हे त्याचे यथातथ्य वर्णन होय. ‘लचकणे’ यात लवून एकदम हिसका बसण्याची क्रिया आहे व ते कंबर, मान यांच्यासाठी येते. तेथे इजा बहुधा स्नायूच्या तंतूंची असते. ‘निखळणे’ म्हणजे खोबणीतून सुटणे. तो शब्द चौकटीतून सुटलेल्या दारालाही चालतो व खांद्यालाही, आणि दोन्हीकडे तंतोतंत जुळतो. ‘पिचणे’ हे बांगडीचे क्रियापद. तुकडे न होता तडा गेलेल्या हाडास ते लागते. बाहेर जखम न दिसता आत रक्त साकळविणाऱ्या आघातास ‘मुका मार’ म्हणणारी भाषा निरीक्षणात कमी आहे, असे कोण म्हणेल?

दुसरा विशेष वाक्यरचनेचा. ‘उसण भरली’, ‘चमक भरली’, ‘लचक भरली’, ‘पायात गोळा आला’ यांत वेदना हीच कर्ता आहे. ती बाहेरून येते, भरते व उतरते. ‘पाय मुरगळला’ यात कर्ता आहे शरीराचा प्रदेश: पाय, मान, कंबर, खांदा. ऊती कर्ता म्हणून जवळजवळ कधीच येत नाही. ‘अस्थिबंध मुरगळला’ असे वाक्य मराठीत होत नाही. अपवाद दोन, हाड व शीर. म्हणजे लोकव्यवहारातील शरीरात मांस वगळता इजा होण्याजोगे दोनच पदार्थ आहेत; आणि ज्याअर्थी हाड मोडले नाही त्याअर्थी शीर दुखावली, हे अनुमान भाषेनेच सिद्ध करून ठेवले आहे.

वैद्यकाची वाटणी याहून वेगळी आहे. तेथे पहिला प्रश्न ऊतीचा. अस्थिबंधाची इजा वेगळी, स्नायू वा कंडरेची वेगळी, सांधा सुटणे वेगळे, हाडाचा भंग वेगळा. हाडात गेलेली बारीक चीरही भंगच होय. ‘मोडले नाही, नुसते पिचले आहे’ या वाक्यातील दिलासा भाषेचा आहे, शास्त्राचा नाही. त्याचप्रमाणे ‘मणक्याची गादी सरकली’ या प्रयोगामुळे रुग्णास वाटते की सरकलेली वस्तू कोणीतरी ढकलून जागेवर बसवील. वस्तुतः गादी सरकत नाही. तिच्या भोवतालच्या कड्यास चीर पडून आतील मऊ गर बाहेर फुगतो व कधी शेजारच्या मज्जातंतूवर दाब देतो. पहिल्या एक-दोन दिवसांत मुरगळलेल्या सांध्यास विश्रांती, थंडावा, पट्टीचा आधार व उंचावर ठेवणे मानवते. चोळणे व शेकणे यांनी आतील सूज व रक्तस्राव वाढू शकतो. ‘शीर चढली’ म्हटले की मात्र ती ‘उतरविण्यासाठी’ चोळणे हे ओघानेच येते. उपचार येथे निदानातून निघत नाही, क्रियापदातून निघतो.

५. एक मनगट

हे सारे प्रस्तुत लेखकाला पुस्तकातून समजलेले नाही. २०१८ च्या पावसाळ्यात एका ओल्या जिन्यावर पाय घसरून मी पडलो आणि उजवा तळवा जमिनीवर टेकून अंग सावरले. मनगट फारसे सुजले नाही. बोटे हलत होती. भाषेचा अध्यापक असूनही मी इतरांप्रमाणेच म्हणालो, ‘मनगट मुरगळले आहे.’ एका दवाखान्यात हेच वाक्य सांगितले, चित्र निघाले, चित्रात काही दिसले नाही, आणि माझेच वाक्य इंग्रजीत भाषांतरित होऊन कागदावर निदान म्हणून उतरले. दहा-बारा दिवसांनी पुन्हा येऊन दाखवा, असे कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही. दुखणे राहिले म्हणून शेजाऱ्यांनी एका हाडवैद्याकडे नेले. त्यांनी मनगट चाचपून सांगितले, “मास्तर, हाड शाबूत आहे. शिरेवर शीर चढलीय. आठ दिवस चोळून देतो, मोकळं होईल.” त्यांच्या हातात कौशल्य होते व बोलण्यात कळकळ होती. मी पाच आठवडे चोळून घेतले.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी काही न विचारता अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणला असता जो खळगा पडतो, त्यात बोट दाबले. मी ओरडलो. तपकीर ओढणारे लोक चिमूट ठेवीत तो हा खळगा; शारीरशास्त्रातही त्याचे नाव तपकिरीच्या डबीवरूनच पडले आहे. त्याच्या तळाशी मनगटातील नौकाकार अस्थी असते. पसरलेल्या तळव्यावर पडले असता मोडणारे हे नेहमीचे हाड, आणि त्याचा भंग पहिल्या क्ष-किरणचित्रात पुष्कळदा दिसत नाही. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडील टोकाने मिळते. म्हणून मध्यावर भंग झाला की मनगटाकडील तुकड्याचा पुरवठा तुटतो, आणि स्थैर्य न लाभल्यास हाड सांधत नाही. प्रसंगी तो तुकडा मृत होतो. माझे हाड सांधले नव्हते. शस्त्रक्रिया करावी लागली. आजही उजवे मनगट पुरते मागे वळत नाही, व फळ्यावर अर्धा तास लिहिले की खडू डाव्या हातात घ्यावा लागतो.

यात दोष कोणाचा, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. पहिल्या दवाखान्याने घाई केली, हाडवैद्याने नको तेथे हात लावला, हे खरेच. परंतु ‘मुरगळले’ हा शब्द प्रथम उच्चारला तो मी. वास्तविक मनगट मुरगळलेच नव्हते. ते पिळले गेले नव्हते, तळव्यावर भार येऊन मागे दाबले गेले होते. घडलेली क्रिया मी पाहिली नाही. हाताशी असलेला शब्द वापरला, आणि पुढे सर्वांनी त्या शब्दावर उपचार केला.

६. उपसंहार

या अनुभवावरून लोकभाषेतील शब्द टाकून द्यावेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ते शब्द निदान नव्हेत. ती साक्ष आहे. साक्षीदाराचे म्हणणे निकाल म्हणून घेऊ नये, तसे ते दुर्लक्षूही नये. कॅनडातील ऑटावा येथे १९९२ मध्ये घोट्याच्या दुखापतींसाठी जे नियम प्रसिद्ध झाले, ते या दृष्टीने उद्बोधक आहेत. क्ष-किरणचित्र काढावे की नाही हे ते मुख्यतः दोन साध्या गोष्टींवरून ठरवितात: घोट्याच्या ठरावीक हाडांवर दाबले असता दुखते काय, आणि रुग्णास चार पावले टाकता येतात काय. येथे रुग्णाला शास्त्रीय नाम येण्याची आवश्यकता नाही. घडलेली क्रिया व दुखरी जागा त्याने दाखविली की पुरे.

आपल्यापुढे दोन कामे दिसतात. पहिले परिभाषेचे. हाडास हाड बांधतो तो अस्थिबंध, स्नायूस हाडाशी जोडते ती कंडरा, आखडतो तो स्नायू, आणि संदेश वाहतो तो मज्जातंतू, हे चार शब्द मराठी पाठ्यपुस्तकांनी, रुग्णपत्रिकांनी व वृत्तपत्रांनी सारख्याच अर्थाने वापरले पाहिजेत. आणि संस्कृत, हिंदी वा बंगाली ग्रंथांतून उतारे घेताना ‘स्नायू’ व ‘पेशी’ हे शब्द तसेच उचलू नयेत. दुसरे काम संभाषणाचे. महाराष्ट्रात वैद्यकाचे शिक्षण इंग्रजीतून होते व तक्रार मराठीतून येते. ‘मुरगळले’ म्हणणाऱ्या रुग्णास ‘कोणत्या बाजूस वळले? पडताना भार कशावर आला? आवाज झाला काय? एका बोटाने दुखरी जागा दाखवा’ असे चार प्रश्न मराठीत विचारण्याची सवय विद्यार्थ्यांस लावता येईल. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीही निरनिराळ्या जिल्ह्यांतील दुखण्यांची क्रियापदे, ती कोणत्या अवयवास लागतात व कोणत्या नाही, या नोंदींसह गोळा करावीत. विभागात असा संग्रह आरंभावयाचा झाल्यास पहिली नोंद ‘मुरगळणे’ या शब्दाची असावी आणि तीत मनगटासंबंधी एक सावधगिरीची सूचना द्यावी, एवढी विनंती मी करून ठेवतो.